आमच्या गावचे गतिरोधक

आमच्या तालुक्याच्या गावात पुतळे दोनच आहेत, पण स्मारकं भरपूर. ती उभी नसून रस्त्यात आडवी पडलेली आहेत, एवढंच. सरकारी कागदात त्यांना ‘गतिरोधक’ म्हणतात, गावात ‘ब्रेकर’ म्हणतात, आणि त्यावरून स्कूटर गेल्यावर जे म्हणतात ते छापण्याजोगं नाही.

पाहुण्यांना पत्ता सांगताना आम्ही म्हणतो, “स्टँडवरून सरळ या. आधी दूधवाल्याचा ब्रेकर लागेल, मग आजींचा. आजींच्या ब्रेकरपासून डाव्या हाताला तिसरं घर.” पाहुण्यांना वाटतं, दूधवाल्याने आणि आजींनी देणगी दिली असावी. दिली खरी. दूधवाल्याने एक पाय दिला. आजी त्या संध्याकाळी देवळातून घरी परतल्याच नाहीत. पुढच्या आठवड्यात तिथे डांबराचा ढीग पडला.

असा ब्रेकर रागाच्या भरात घातलेला असतो. त्यामुळे त्याची उंची शास्त्रावर ठरत नाही, आळीच्या संतापावर ठरते. आजींचा ब्रेकर ओलांडताना बसच्या मागच्या बाकावरचा उतारू काही काळ बाकाच्या संपर्कात नसतो. त्याला पांढरे पट्टे नाहीत, त्यामुळे रात्री तो फक्त गाववाल्यांना दिसतो, तोही आठवणीने. ब्रेकर आणि गटार यांच्यामध्ये हातभर सपाट पट्टी उरली आहे. सगळ्या मोटारसायकली तिथूनच जातात. पायी चालणाऱ्यांसाठी उरलेली जागाही तीच!

आमच्या शेजारी एक निवृत्त ओव्हरसियर राहतात. ब्रेकरचा विषय निघाला की त्यांचा चहा गार होतो. “अहो, ब्रेकर म्हणजे भिंत नव्हे, टेकडी! इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या सूचनांत मापं दिलीत. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वरून गोलाई. ताशी २५ किलोमीटरने गेलात तर पोटातलं पाणी हलणार नाही. शिवाय ४० मीटर आधी पाटी, आणि अंगावर काळे-पांढरे पट्टे.” ३.७ मीटर म्हणजे दोन माणसं डोक्याला पाय लावून झोपली तरी वीतभर जागा उरेल. इंग्रज लोक ब्रेकरला ‘झोपलेला पोलीस’ म्हणतात ते बहुधा यावरूनच. आमच्याकडे ते नाव चालणार नाही. लोकांचा गैरसमज होईल.

या कामाला डोकं लागतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आर्थर कॉम्प्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९२७ साली पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. पुढे तो सेंट लुईसमधल्या एका विद्यापीठाचा कुलगुरू झाला. आवारातून मोटारी भरधाव जातात हे पाहून १९५३ साली त्याने स्वतः ब्रेकरचा आराखडा काढला. क्ष-किरणांचं कोडं सोडवणाऱ्या माणसाला जे डोकं खपवून करावंसं वाटलं, ते आमच्याकडे उरलेल्या खडीत उरकतं.

खरं तर पूर्वी आम्हाला ब्रेकरची गरजच नव्हती. रस्त्यातला प्रत्येक खड्डा आपली ड्यूटी इमानेइतबारे बजावत होता. पण दोन वर्षांपूर्वी मुलींच्या शाळेसमोरचा रस्ता काँक्रीटचा झाला. रस्ता असा गुळगुळीत, की चालवणाऱ्याचा पाय ब्रेक विसरला. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. हे गणित त्याच शाळेत नववीला शिकवतात. साडेपाचला घंटा होते आणि गणित शिकलेल्या न शिकलेल्या सगळ्या मुली एकदम रस्त्यावर येतात. शाळेचा शिपाई हातात लाल रुमाल घेऊन मधोमध उभा राहतो. अजून काही झालेलं नाही, ते त्या रुमालामुळे. पण सहा महिन्यांनी तो निवृत्त होतोय, आणि त्याची जागा भरणार नाहीत असं ऐकतो.

म्हणून मी अर्ज घेऊन कचेरीत गेलो. टेबलापलीकडचा तरुण कारकून सज्जन होता. त्याने छापील फॉर्म उलगडला.

“काका, इथे सात नंबरचा रकाना राहिलाय. सदर जागी आजवर झालेले अपघात.”

“झाले नाहीत.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

त्याने पेन खाली ठेवलं. “मग?”

या ‘मग’ला उत्तर देणं फार कठीण असतं. दूधवाल्याकडे उत्तर होतं, आजींच्या मुलाकडे होतं. माझ्याकडे फक्त साडेतीनशे धडधाकट मुली होत्या. धडधाकट माणसांसाठी आपल्याकडे रकाना नसतो. कारकुनाचा तरी काय दोष? फॉर्म त्याने छापलेला नव्हता.

“रकाना कोरा चालत नाही, काका. वरून परत येतं.”

मी पेन घेतलं आणि सात नंबरच्या रकान्यात ठळक शून्य काढलं. मग त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं, ‘हा आकडा असाच राहावा, एवढ्यासाठी अर्ज.’ आणि खाली ओव्हरसियरसाहेबांची सगळी मापं लिहून टाकली. ब्रेकर एकदाचा मिळायचा, आणि त्यावरून पडून पहिला अपघात व्हायचा, असं नको.

कारकुनाने ते दोनदा वाचलं. “हे रकान्यात बसत नाही हो.”

“बसू नये म्हणूनच तर आलोय.”

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग हळूच विचारलं, “कुठली शाळा म्हणालात? माझी पुतणी असते तिथे. सातवीत आहे.” आणि आवकचा शिक्का एवढ्या जोरात मारला, की शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळला.

अर्ज निघालाय. शिपायाच्या निवृत्तीला सहा महिने आहेत. या टेबलावरून त्या टेबलावर जाताना अर्जाला ब्रेकर लागू नयेत, एवढीच प्रार्थना.