सातव्या महिन्यातली पुस्तकं

दिवस गेल्याचं कळलं की मराठी घरात पुस्तकं आपोआप येऊ लागतात. मुलुंडला आमच्याकडे आईने डॉ. बालाजी तांबे यांचं 'गर्भसंस्कार' आणलं, आत्याने मालती कारवारकरांचं 'वंशवेल' दिलं. दोन्ही वाचली. खाणंपिणं, झोप, मन प्रसन्न ठेवणं यासाठी त्यांचा उपयोग झाला. पण मला धास्ती होती ती शेवटच्या दिवसाची. कळा सुरू झाल्या की शरीरात नेमकं काय चालतं आणि त्या वेळी आपण काय करायचं, हे सांगणारं पुस्तक मला हवं होतं.

धास्ती उगाच नव्हती. सोसायटीतल्या माझ्या वयाच्या बहुतेकींचं सिझर झालेलं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. एवढी तफावत निव्वळ बायकांच्या शरीरामुळे पडते, हे मला पटत नाही.

मग शोध सुरू झाला. पुस्तक हातात आलं की मी आधी सिझरचं प्रकरण उघडायची. एका पुस्तकात सिझर म्हणजे बाईची हार, असाच सूर होता. ते मी लगेच परत केलं. वार खालच्या बाजूला असून पिशवीचं तोंड झाकत असेल, बाळ आडवं असेल, त्याचे ठोके मंदावत असतील, तर सिझरच आई-बाळाला वाचवतं. एवढं जे पुस्तक सांगत नाही, त्याच्यावर बाकीच्या बाबतीत तरी विश्वास का ठेवायचा?

हाताशी राहिलं ते इना मे गॅस्किन यांचं २००३ सालचं पुस्तक. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 'द फार्म' नावाच्या वस्तीवर त्यांनी वर्षानुवर्षं सुईणपण केलं. पुस्तकाचा पहिला भाग म्हणजे बायकांनी स्वतः सांगितलेल्या बाळंतपणाच्या हकिगती. घाटकोपरला ऑफिसला जाताना लोकलच्या लेडीज डब्यात मी ते वाचायची. शेजारच्या बायका डोकावायच्या, कसलं पुस्तक म्हणून विचारायच्या आणि स्वतःचं बाळंतपण सांगायला लागायच्या. सलाईन लावून आडवं निजवलेलं, सोबत कोणी नाही, हे कितीजणींच्या बोलण्यात यायचं! गॅस्किन यांचा एक मुद्दा मी मनाशी पक्का धरला: जबडा आणि गळा सैल असला तर खालचे स्नायूही सैल पडतात. दात आवळून कळ सोसू नये.

नवऱ्यासाठी पेनी सिम्किन यांचं 'द बर्थ पार्टनर' घेतलं. सोबत थांबणाऱ्या माणसाने काय करायचं, एवढाच त्याचा विषय. त्याने पेन्सिलीने खुणा करत वाचलं आणि कळ आली की कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर तळव्याने जोर देऊन कसं दाबायचं, याचा रोज रात्री सराव केला. या सल्ल्यांत परकं काहीच नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीपाशी चार जाणत्या, वयस्क, नखं कापलेल्या बायका असाव्यात असं सांगितलंय. कळ नसताना जोर लावू नये, हे चरकसंहितेत आहे.

वाचनाचा खरा उपयोग झाला तो दवाखान्यात प्रश्न विचारताना. सोबत माणूस थांबू द्याल का? कळांमध्ये चालू-फिरू द्याल का? छेद सरसकट देता की गरज पडली तरच? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत या तिन्ही गोष्टींवर स्पष्ट शिफारशी आहेत: आवडीचं माणूस सोबत असावं, बाईने हिंडतं-फिरतं राहावं, छेद सरसकट देऊ नये. जिथे माझं नाव घातलं होतं, तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "पुस्तकं जरा कमी वाचा." सातव्या महिन्यात मी डॉक्टर बदलले. आई घाबरली, "अगं, आता या दिवसांत कुठे नवीन डॉक्टर शोधतेस?" पण नव्या मॅडमनी तिन्ही प्रश्न शांतपणे ऐकले आणि सिझर कधी करावं लागेल, तेही न लपवता सांगितलं.

कळा पहाटे सुरू झाल्या. मी पॅसेजमध्ये कठडा धरून फेऱ्या मारल्या. "चार बोटं उघडलंय," असं सिस्टर म्हणाल्या तेव्हा अंगातलं बळ संपत आलं होतं. नवरा कमर दाबत कानाशी सारखा म्हणत होता, "जबडा सैल सोड." दरवेळी दात आवळलेलेच असायचे. मी तोंड उघडून मोठ्याने हुंकार द्यायची आणि कळ थोडी सोसवायची. दुपारी मुलगी झाली. दोन-तीन टाके पडले.

तुम्हाला दिवस गेले असतील तर पुस्तकं पाचव्या महिन्यातच घ्या, एखादं नवऱ्याला किंवा आईला वाचायला लावा, आणि प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवा. उत्तर पटलं नाही तर डॉक्टर बदला, पण लवकर. आठवा लागल्यावर नवीन ठिकाणी नाव घालून घ्यायला फारसं कोणी तयार होत नाही.