उज्जैनच्या बागेत कुड्याचं झाड

आपल्याकडे कार्तिकी एकादशी म्हटलं की पंढरपूर. सीमाभागातून दिंड्या निघतात, त्यात कन्नड कोण आणि मराठी कोण याचा हिशेब कुणी ठेवत नाही. उज्जैनला मात्र याच एकादशीला एका कवीचा उत्सव सुरू होतो. कालिदास समारोह. पंडित सूर्यनारायण व्यास यांच्या खटपटीतून तो उभा राहिला आणि १९५८ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची सुरुवात झाली.

हीच तिथी का, तर त्याचं उत्तर ‘मेघदूता’तच आहे. विष्णू शेषशय्येवरून उठेल त्या दिवशी यक्षाचा शाप संपणार असतो. ढगाला निरोप दिला आषाढात आणि सुटका कार्तिकात! म्हणजे यक्षाचा विरह आणि आपल्या वारकऱ्यांचा चातुर्मास एकाच मोजमापाचे निघाले. हे कळल्यावर मला कालिदास एकदम शेजारचा वाटू लागला.

मी, आई आणि माझी बारा वर्षांची लेक अशा तिघी मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेसनं उज्जैनला गेलो. आई हुक्केरी तालुक्यातली. माहेरी सगळं कन्नड, सासरी सगळं मराठी. माझ्या लहानपणी घरात दोन्ही भाषा नांदायच्या. आता आईचं कन्नड स्वयंपाकघरापुरतं आणि फोनवर मावशीशी बोलण्यापुरतं उरलं आहे. ती कन्नडमध्ये काही सांगू लागली की लेक म्हणते, “अज्जी, मराठीत सांग ना.” मग अज्जी मराठीत सांगते, पण निम्मंच. उरलेलं निम्मं कुठं जातं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता.

महाकालाचं दर्शन सकाळीच उरकलं. गर्दीचं वर्णन करत नाही, ज्यांनी केलं आहे त्यांना ठाऊक आहे. एवढंच सांगते, की आजचं देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभं केलेलं आहे. दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला मुक्काम हलवेपर्यंत उज्जैन हीच शिंद्यांची राजधानी होती. त्यामुळे इथं मराठी कानावर पडलं तर नवल वाटू नये.

पोहे-जिलबी खाऊन कालिदास अकादमीत गेलो. मध्य प्रदेश सरकारनं १९७८ साली ती स्थापन केली. समारोहाच्या दिवसांत तिथं संस्कृत नाटकं, गाणं, नृत्य, चित्रांची प्रदर्शनं असा थाट असतो. पण दिवसा, नाटकाला अवकाश असताना पाहायची ती तिथली बाग. कालिदासाच्या काव्यातली झाडं जोपासायची अशी तिची कल्पना. मोठमोठे ताटवे आणि रंगीत कारंजी हवी असतील त्यांनी म्हैसूरला जावं. इथं झाडं आहेत, सावली आहे, आणि प्रत्येक झाडामागं एखादी गोष्ट आहे.

सुरुवातीला मीच पुस्तकी माहिती सांगत होते. अशोकाला तरुणीच्या पायाचा स्पर्श झाला की तो फुलतो, या समजुतीवर ‘मालविकाग्निमित्रा’तला एक अख्खा प्रसंग उभा आहे. झाडाच्या त्या इच्छेला संस्कृतात ‘दोहद’ म्हणतात, आणि आपले ‘डोहाळे’ त्याच शब्दातून आले. लेक ऐकत होती, पण शाळेत ऐकावं तशी.

एका लहानशा झाडापाशी आई थांबली. फुलं नव्हती. जोडीजोडीनं लोंबणाऱ्या लांब, बारीक शेंगा तेवढ्या होत्या. तिनं खाली वाकलेलं एक पान मोडलं, देठातून पांढरा चीक आला.

“इदु नम्म कोडसिगी अल्लेन?”

माळीकाका हिंदीत म्हणाले, “ये इंद्रजौ है, माताजी.” मराठीत कुडा. आणि कालिदासाचा कुटज तो हाच! यक्षानं ढगाचं स्वागत केलं ते याच्या ताज्या फुलांनी. काळिदासाचं ते झाड आईच्या माहेरी परसात होतं. पोट बिघडलं की त्याच्या सालीचा कडू काढा आणि तो नको म्हणून माळ्यावर लपून बसणारी भावंडं, हे सगळं आई सांगू लागली. ते कन्नडमध्ये सांगते आहे हे तिच्याही लक्षात नव्हतं.

मग बाग तिची झाली. उंबर दिसला, “अत्ति.” जांभूळ, “नेरळ.” शमी म्हणजे बन्नि, दसऱ्याला सोन्यासारखी वाटतात ती. आवळा म्हणजे नेल्लि. चारच दिवसांपूर्वी, कार्तिक शुद्ध नवमीला, इथल्या बायकांनी आवळ्याची पूजा केली असणार. आपण त्याखाली आवळीभोजन करतो, आणि अज्जीच्या माहेरी तुळशीच्या लग्नात वृंदावनात नेल्लीची फांदी खोवतात. लेकीनं वहीत चार रकाने आखले: संस्कृत, मराठी, कन्नड, हिंदी. केतकीसमोर केवडा, केदगि, केवडा असं लिहून झाल्यावर तिनं मान वर करून विचारलं, “मग कालिदास आपल्याकडे आला होता का?”

प्रश्न भाबडा नव्हता. कालिदास कुंतल देशच्या राजाकडे दूत म्हणून गेला होता, अशी जुनी आख्यायिका आहे. कुंतल म्हणजे ढोबळमानानं आपलाच हा मुलूख. ‘कुंतलेश्वरदौत्य’ नावाचं काव्य त्याच्या नावावर सांगतात, ते आज उपलब्ध नाही. पण एक पुरावा पक्का दगडावर आहे. ऐहोळेच्या मेगुती देवळातला रविकीर्तीचा शिलालेख इ. स. ६३४ चा. त्यात कालिदासाचं नाव कोरलेलं आहे, आणि ज्यांचा काळ निश्चित सांगता येतो अशा अगदी जुन्या उल्लेखांपैकी तो एक. उज्जैनच्या कवीचं नाव जपलं ते बागलकोट जिल्ह्यातल्या टेकडीनं! पुढं १९४३ साली ‘कन्नड मेघदूत’ लिहिला तो घरी मराठी बोलणाऱ्या द. रा. बेंद्रे यांनी. सोलापूरच्या जुन्या विद्यार्थ्यांना ते कन्नडचे प्राध्यापक म्हणून आठवतील.

कोणतं झाड कधी पाहावं, हेही सांगून ठेवते. कार्तिकाच्या सुमारास सातवीण फुलते, संध्याकाळी तिचा वास डोकं धरायला लावतो. पळस हवा तर फाल्गुनात या. कुडा फुललेला पाहायचा तर ऐन उन्हाळ्यात, पण मग माळव्याचं ऊनही सोसायची तयारी ठेवा.

रात्री ‘शाकुंतल’ होतं. चौथा अंक. शकुंतला सासरी निघते. झाडांना पाणी घातल्याशिवाय स्वतः पाणी न पिणारी, नटण्याची हौस असूनही त्यांचं पान न तोडणारी ही मुलगी वेलीला मिठी मारते, तेव्हा आईनं पदर डोळ्यांना लावला. संस्कृत तिला येत नाही. तरी तिला कळत होतं, आणि ती लेकीच्या कानाशी लागून हळू आवाजात सांगत होती, कन्नडमध्ये. हरणाचं पाडस मागून पदर ओढतं तिथं ती जरा थांबली.

लेकीनं तिचा हात हलवला. “मुंद, अज्जी? मुंद?”