आजीकडून आलेला डाग

विद्यापीठात स्त्री-अभ्यास शिकताना वंश, लिंगभाव, अस्मिता हे शब्द मला परदेशातले वाटायचे. या सुट्टीत रेवदंड्याला आले आणि ते शब्द आमच्याच गल्लीत सापडले.

सकाळी बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाच्या, सिनेगॉगवरून चालत गेले. हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावं इथल्याच गावांची, घरची भाषा मराठी. मलिद्याच्या, म्हणजे त्यांच्या नैवेद्याच्या, ताटात पोहे, ओलं खोबरं, फळं.

पण त्या ताटाशीही भेद होता. ते स्वतःत 'गोरे' आणि 'काळे' इस्रायल मानत. ज्यांची आई किंवा आजी बाहेरच्या समाजातली, ते 'काळे'. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही. नाव रंगाचं, पण बोट बाईच्या कुळाकडे.

पुढे ही माणसं इस्रायलला गेली, तेव्हा तेच बोट त्यांच्यावर उठलं. 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने लग्नाआधी त्यांच्या आई-आजीच्या वंशाची चौकशी करायला सांगितलं. लोक रस्त्यावर उतरले, 1964 मध्ये त्यांना न्याय मिळाला.

मी हे वहीत उतरवते आहे आणि आमच्या घरात सून आणताना विचारलेले प्रश्न आठवताहेत. कुळाची शुद्धता कित्येक समाजांनी बाईच्या अंगावरच मोजली. वाचणाऱ्या प्रत्येकीला एवढंच सांगते: आजीला तिच्या माहेराबद्दल विचारा, आणि ते लिहून ठेवा.