ब्राऊन बेल्टला माती लागते तेव्हा

‘मासिकाच्या मराठी विभागासाठी साहित्य द्यावे’ अशी नोटीस मेसच्या दारावर लागली, तेव्हा मी एक पावसाळी कविता द्यायच्या बेतात होतो. पण आमचा रूम पार्टनर म्हणाला, “कविता कशाला लेका, तुझी जिरली त्याची गोष्ट लिही की.” म्हणून ही जिरल्याची गोष्ट.

मी मूळचा राजापूरचा. पाचवीपासून कराटे करतो. शाळेच्या हॉलमध्ये क्लास भरायचा, शहाबादी फरशीवर, अनवाणी. दहावीचं वर्ष सोडलं तर खाडा नाही. हॉस्टेलवर आलो तो ब्राऊन बेल्ट घेऊनच, आणि पहिल्या दिवशी बॅग उघडताना तो बेल्ट सगळ्यात वर दिसेल असा ठेवला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. (त्या बेल्टमुळे रॅगिंग टळलं असा माझा समज होता. खरं म्हणजे सिनियर्स सबमिशनमध्ये बुडालेले होते.)

सेकंड इयरला असताना कॉलेजमध्ये फर्स्ट इयरच्या मुलींसाठी दहा दिवसांचा स्वसंरक्षण वर्ग ठेवला होता. शिकवणारे सर मधेच गावी गेले आणि शेवटचे चार दिवस माझ्याकडे आले. मी काय हवेत! पंच, किक, ब्लॉक, सगळं जोरात. एका मुलीने विचारलं, “दादा, कोणी मागून कव घातली तर?” मी म्हटलं, “सोप्पं आहे. कोपर मागे मारायचं, एकच, बरगडीत. सुटलीस!” तीस मुलींनी तीसदा हवेत कोपर मारलं. टाळ्या झाल्या. प्रमाणपत्रं वाटली.

त्या रात्री हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये मी हाच किस्सा रंगवून सांगत होतो. आमचा पार्टनर कराडकडचा. घरात तीन पिढ्या तालमीतल्या, म्हणून त्याला सगळे पैलवानच म्हणतात. तो टूथब्रश तोंडात धरून ऐकत होता. तोंड धुऊन आला आणि म्हणाला, “आरं, मला दाखव की.” मागून त्याने कव घातली. मी कोपर मारलं. ते कुठे लागलंच नाही, कारण त्याचं डोकं माझ्या पाठीला चिकटलेलं आणि कंबर माझ्या कंबरेखाली. दुसरं मारायच्या आत माझे पाय जमिनीवर नव्हते. पुढच्या क्षणी मी मोझॅक टाइल्सवर पालथा, आणि पाठीवर ऐंशी किलो पैलवान. श्वास घ्यायला जागा नाही. पोरं हसत होती. मीसुद्धा हसण्याचा प्रयत्न केला, पण हसायलाही हवा लागते.

झोप लागली नाही. हरलो म्हणून नव्हे. आठवत होती ती विचारणारी मुलगी. तिला मी जे सांगितलं होतं ते मी स्वतः कधीही, एकदाही, खऱ्या माणसावर करून पाहिलं नव्हतं.

विचार केल्यावर गंमत लक्षात आली. आमच्या कुमितेमध्ये दोघे एकमेकांना नुसते धरून राहिले की पंच “यामे!” म्हणतो, दोघांना वेगळं करतो आणि पुन्हा अंतरावर उभं करतो. म्हणजे इतक्या वर्षांत मला कोणी धरलंच नव्हतं! धरल्यावर सोडवायला कायम तिसरा माणूस हजर. १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, तेव्हा ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीने आपल्यापेक्षा वजनदार माणसांना जमिनीवर नेऊन हरवलं, हे मी यूट्यूबवर कितीदा तरी पाहिलं होतं. पाहणं वेगळं.

मग सुरू झाली आमची भाट्याची शाळा. पाऊस संपल्यावर रविवारी पहाटे सहा वाजता भाट्याच्या समुद्रावर, सुरूच्या झाडांपाशी. पहिले दोन आठवडे पैलवानाने एकही डाव शिकवला नाही. नुसती खडाखडी. हाताला हात, मानेला हात, ढकल आणि ओढ. माझी सवय ताठ उभं राहायची, एक पाय हलका, किक मारायला तयार. तो हलका पायच त्याला हवा असायचा. मी मावाशी गेरी मारली की पाय त्याच्या काखेत, आणि मी वाळूत. “कंबर खाली घे. आरं, कंबर!” हे वाक्य मला झोपेतही ऐकू यायचं. पट काढायला तो खाली शिरला की मी मागे उडी मारायचो. तो म्हणायचा, मागं पळू नको, दोन्ही पाय मागं टाक आणि छाती माझ्या पाठीवर दे, तुझं वजन मला उचलू दे. हे एक वाक्य अंगात उतरायला पूर्ण नोव्हेंबर गेला. कान सुजले, मानेला बाम, आणि मशीन ड्रॉइंगच्या शीटवर वाळू.

डिसेंबरच्या सुट्टीत त्याच्या गावी गेलो. चिपळूणवरून कुंभार्ली घाटाने एसटी. तिथल्या तालमीत पहिला धक्का लंगोटाचा बसला. (जास्त तपशील देत नाही, हे मासिक घरीही जातं.) दुसरा धक्का मातीचा. आमच्या कोकणातही माती तांबडीच, पण जांभ्याची, गुडघा फोडणारी. ही मऊ होती. ताक, तेल, लिंबू, हळद घालून मळलेली. वस्तादांनी मला आधी फावडं देऊन हौदा खणायला लावला. तासाभराने मी गार. मग नववीतला एक पोरगा माझ्यासमोर उभा केला. त्याने मला चारदा चितपट केलं आणि प्रत्येक वेळी हात देऊन उठवलं.

संध्याकाळी वस्ताद खाशाबा जाधवांबद्दल बोलले. त्यांचं गोळेश्वर गाव कराडला लागूनच. मातीत वाढलेला हा माणूस १९४८ला लंडनला गेला तो गादीवरच्या कुस्तीला नवखा. तरी सहावा आला. तिथले नियमच वेगळे, ते शिकावे लागले. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. आणि खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मी नंतर वाचलं की त्याच गटात सोनं मिळवणारा जपानचा शोहाची इशीई मुळात ज्युडोवाला. युद्धानंतर जपानमध्ये ज्युडोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळलेला. म्हणजे त्या स्टँडवर दोघे तरी घर बदलून आलेले होते. मला जरा बरं वाटलं.

मी वस्तादांना त्या मुलीचा प्रश्न सांगितला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाळा, आमच्यात पाठ टेकली की हरला. म्हणून पोरगं पोटावर पडून राहतं. रस्त्यावर पोटावर पडून राहून तिला काय मिळणार? आमचंबी सगळं तिकडं चालत नाही.” माझ्या सरांच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं, आणि माझ्या स्वतःच्या तोंडून तर नाहीच.

एक गोष्ट मात्र परत आल्यावर घडली. हेयान शोदान हा आमचा अगदी सुरुवातीचा काता. त्यात उजवीकडे खालचा ब्लॉक झाला की तोच हात पायासकट मागे ओढून, वरून गोल फिरवून मुठीचा हातोडा मारायचा असतो. वर्षानुवर्षं मी तो छान दिसावा म्हणून करत आलो. भाट्याला पैलवानाने मनगट गच्च धरलेलं असताना सहज तीच हालचाल केली, या वेळी कंबर खाली घेऊन, आणि हात त्याच्या अंगठ्याच्या बाजूने सुटून आला. ते मनगट सोडवणंच होतं! सरांनी सांगितलंही असेल, पण तेव्हा कोणी धरलेलं नव्हतं.

यंदा पुन्हा मुलींचा वर्ग झाला. सरांची परवानगी काढून मी एक तास मागून घेतला आणि गेल्या वर्षीच्या त्या मुलीलाही बोलावलं. सगळ्यांसमोर म्हटलं, “गेल्या वर्षी मी कोपराबद्दल सांगितलं ते मला स्वतःला जमत नाही.” पैलवानाने मला कव घातली, मी कोपर मारलं, आणि आपटलो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग हळूहळू दाखवलं : आधी पाय फाकून कंबर खाली, म्हणजे उचलता येत नाही. ओरडणं थांबवायचं नाही. दोन्ही हातांनी त्याचा एकच हात, त्यातही बोटं. मग वळायचं. नंतर मुलींनी एकमेकींना खरंच घट्ट धरून केलं. निम्म्यांना पहिल्या तासात जमलं नाही, आणि तसं मी सांगितलंही.

ती गेल्या वर्षीची मुलगी तिसऱ्या वेळी सुटली. धापा टाकत म्हणाली, “आणि दोघं असले तर, दादा?”

“दोघांना मीही पुरत नाही. वाट दिसली की पळायचं.”

तिने घड्याळ काढून बॅगेत टाकलं आणि मैत्रिणीकडे पाठ करून म्हणाली, “धर परत. आता जोरात धर.”