शेवळं, गिरण आणि संध्याकाळची लोकल

नव्या गावात पोचले की मी आधी स्टेशनाबाहेर पडून दहा मिनिटं चालते. तेवढ्यात गिरण, दवाखाना, शाळा, भाजीवाली आणि कुणाच्या तरी गॅलरीत वाळत घातलेले कपडे दिसले, की ते गाव मला आवडतं. स्टेशनाबाहेर नुसता गाड्यांचा तळ आणि पुढे मोकळा डांबरी रस्ता असेल, तर त्या गावाची कीर्ती कितीही असो, माझं मन तिथे लागत नाही. हा माझा पूर्वग्रह आहे आणि तो मी जपून ठेवला आहे.

डहाणू रोडला मी पहिल्या पावसात गेले. चर्चगेटपासून हे स्टेशन सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल इथवर आली आणि विरारच्या पलीकडचा हा मुलूख मुंबईच्या रोजच्या ये-जा करणाऱ्यांच्या हिशोबात आला. वैतरणेच्या पुलावर गाडी चढली की मी खिडकी सोडत नाही. त्यानंतरचा पट्टा, सफाळे, केळवे, पालघर, मला कोकणापेक्षाही प्रिय आहे. पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

जुनं डहाणू खाडीच्या तोंडाशी, किल्ल्याजवळ. १८६० च्या दशकात मुंबईहून गुजरातकडे जाणारा लोहमार्ग झाला तो गावापासून आत, पूर्वेकडे. मग स्टेशनाभोवती वेगळी वस्ती उभी राहिली. जंगलातलं लाकूड आणि गवत इथून मुंबईला जायचं. व्यापारी आले, वखारी झाल्या, वखारीच्या वर बिऱ्हाडं झाली. आजही पश्चिमेला बाहेर पडलं की तीच ठेवण दिसते: खाली दुकान, वर घर, मध्ये एवढासा जिना.

पाऊस अचानक वाढला म्हणून मी एका दुकानाच्या पत्र्याखाली शिरले. पायरीशी एक वारली बाई शेवळांच्या जुड्या घेऊन बसली होती. शेवळं बाजारात येतात ती पहिल्या पावसाच्या थोड्या दिवसांत. मी दोन जुड्या उचलल्या आणि पैसे काढले, तोच मागून आवाज आला, "काकडं नाही घेतलीत? घसा धरेल हो तुमचा."

सत्तरीच्या पुढच्या एक बाई. हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात पिठाचा डबा, साडीचा काठ पावसासाठी वर खोचलेला. त्यांनी स्वतःच टोपलीतली काकडाची हिरवी फळं निवडून माझ्या पिशवीत टाकली, विकणारीशी भावाचं बोलून घेतलं आणि मला म्हणाल्या, "काकडाच्या रसाने शेवळाची खाज जाते. आणि सोडे घालून करा. सोडे पुढे मांगेलीकडे मिळतील. मी तिकडेच निघालेय, येता?"

मी गेले. त्यानंतरचा तासभर हाच माझा डहाणूचा प्रवास.

बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. बाजारात सगळे त्यांना नुसतं "बाई" म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. त्यांची संध्याकाळची फेरी ठरलेली. आधी गिरण: डबा ठेवायचा, पुढे जायचं, येताना दळण न्यायचं. मग औषधाचं दुकान, तिथे रक्तदाबाच्या गोळ्या. मग शिंपी, त्याच्याकडे नातीचा फ्रॉक. मग सुक्या मासळीवाली. सून बोईसरला नोकरी करते, ती संध्याकाळच्या लोकलने येते. तिची गाडी यायच्या आत कुकर लागला पाहिजे, हा नियम. हे सगळं पायी, गुडघा दुखतो त्या चालीने.

प्रत्येक ठिकाणी थांबणं होतं. गिरणीवाल्याने बाईंना गव्हात खडे आल्याचं सांगितलं. औषधवाल्याने गोळ्यांबरोबर, डॉक्टर उद्या येणार नाहीत, ही बातमी दिली. शिंप्याने मशीन थांबवून त्यांना स्टुलावर बसवलं आणि माझ्याकडे पाहत म्हणाला, "मागच्या पावसाळ्यात बाई इथेच घसरल्या. मीच उचलून दवाखान्यात नेलं." बाईंनी दुजोरा दिला. शिंपी दुकानामागच्याच खोलीत राहतो, म्हणून दुपारी दुकान बंद असूनही त्याला आवाज ऐकू आला होता.

जेन जेकब्स यांचं १९६१ सालचं अमेरिकन शहरांवरचं पुस्तक मी पूर्वी वाचलं होतं. खाली दुकानं आणि वर घरं असली की रस्त्यावर सतत कुणाचं तरी लक्ष राहतं आणि तो रस्ता सुरक्षित राहतो, हे त्यांनी न्यूयॉर्कमधल्या स्वतःच्या गल्लीवरून मांडलं. तेव्हा ते मला पटलं होतं. त्या स्टुलाशेजारी उभं राहून त्याची किंमत कळली.

सोडे घेताना बाईंनी मला त्यांच्या दुसऱ्या घराची गोष्ट सांगितली. मुलाने हौसेने हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर फ्लॅट घेतला होता. लिफ्ट, बाग, फाटकावर पहारेकरी. सगळे तिकडे राहायला गेले.

"वाईट काहीच नव्हतं," बाई म्हणाल्या. "पण मीठ संपलं तरी रिक्षा. रिक्षा येईपर्यंत माणूस म्हणतो, जाऊ दे, उद्या. असे उद्या करत करत मी बाहेर पडणंच बंद केलं. गुडघा आखडला, साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, बागेत फेऱ्या मारा. मारल्या की. पण बागेत नुसत्या पायांना काम मिळतं गं, मला नाही. कुठे जायचंय म्हणून चालायचं, हे पाहिजे ना?"

"तुम्ही"वरून त्या "गं"वर कधी आल्या ते आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.

सुनेची आणखी वेगळी अडचण. रात्री गाडी लेट झाली की स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यांशी घासाघीस, अंधाऱ्या रस्त्यावरून एकटीने जाणं, आणि घरी पोचेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला. शेवटी फ्लॅट भाड्याने दिला आणि कुटुंब बाजारातल्या जुन्या दोन खोल्यांत परत आलं. आता सून उशिरा आली तरी दुकानांच्या उजेडातून चालत येते. बाईंना गॅलरीतून स्टेशनाचा पूल दिसतो.

मला हे सांगताना बाई गावाचे दोष झाकत नव्हत्या. गटारं तुंबतात, पादचारी पुलाच्या पायऱ्या उभ्या आहेत, भाजीवाल्या बायकांना पावसात डोक्यावर छप्पर नाही. आणि दुचाक्या! बाजाराचा अर्धा रस्ता उभ्या दुचाक्यांनी खाल्लेला. गर्दीचं खापर नेहमी पायी येणाऱ्यांवर आणि टोपलीवाल्यांवर फोडलं जातं. त्या संध्याकाळी मी नीट पाहिलं: रस्ता अडवून बसली होती ती रिकामी वाहनं, माणसं नव्हेत.

निघताना मी बाईंना विचारलं, शिक्षिका कशा झालात? त्या म्हणाल्या, "कोसबाडला शिकले." आणि माझं कुतूहल खरोखर जागं झालं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेच काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, कारण कुणाला गुरं राखायची, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर नेली, घराच्या अंगणात भरवली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली. मूल जिथवर चालत येऊ शकतं तिथे शाळा असली पाहिजे, हे या टेकडीवरच्या बायांनी कृतीने दाखवलं. गावं आणि नगरं आखणाऱ्यांनी त्यांच्याकडून धडा घ्यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

गिरणीतला डबा गरम होता. मी तो जिन्यापर्यंत उचलून दिला. लोकल आल्याची घोषणा झाली तेव्हा बाई कुकर लावायला वर गेल्या होत्या.

डहाणूहून मी बोर्डीला गेले. तिथले दिवस सुरूच्या बनात आणि चिकूच्या वाड्यांत गेले.

त्या वाड्यांकडे पाहताना मात्र एक गोष्ट मनात बसली. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमीन, अशी मर्यादा आली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या वाड्या टिकवायच्या तर वाढणाऱ्या माणसांना राहायला जागा कुठे? माझं उत्तर स्टेशनाभोवती, चालण्याच्या अंतरात. दोन-तीन मजले वर, खाली दुकानं आणि दवाखाने. वाड्या तोडून हायवेपर्यंत पसरलेले बंगले आणि फाटकवाल्या वसाहती झाल्या, तर चिकूही जाईल आणि प्रत्येक घरापुढे गाड्या उभ्या राहतील. आणि माणसं येणारच आहेत. विरार ते डहाणू ६४ किलोमीटरच्या लोहमार्गाच्या चौपदरीकरणाचं काम चालू आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. बंदराला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आहे आणि मी त्यांच्या बाजूची आहे. पण बंदर होवो न होवो, स्टेशनाभोवतीच्या जमिनीचं काय करायचं हा प्रश्न आजच समोर उभा आहे.

पुढे मी तलासरीला गेले. तिथे रेल्वे नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तेवढा आहे. एसटीने मला उतरवलं आणि पलीकडच्या बाजूला चहाची टपरी दिसली. मध्ये कंटेनर, ट्रेलर, गुजरात पासिंगच्या मोटारी, अखंड. माझ्याशेजारी डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई आणि दप्तरं पाठीला लावलेली दोन मुलं उभी होती. आम्ही सगळे कितीतरी वेळ तसेच थांबलो. मुलांना सवय होती, ती फट मिळताच धावत सुटली आणि माझ्या पोटात गोळा आला. टपरीवरचा चहा चांगला होता, पण तो पिताना माझा राग काही उतरला नाही. इथून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाची सोय झाली आहे आणि तालुक्यात राहणाऱ्या माणसाला चहासाठी जीव मुठीत धरावा लागतो. ५०८ किलोमीटरची बुलेट ट्रेनही याच तालुक्यातून जाणार. तिची पालघर जिल्ह्यातली स्थानकं दोनच, विरार आणि बोईसर.

तलासरी तालुक्यातल्या झरीला मात्र मला जायचंच होतं. २३ मे १९४५ रोजी तिथे हजारो वारली रानावनातून पायी आले आणि यापुढे वेठ करायची नाही असा ठराव झाला. लग्नापुरतं कर्ज घेऊन जन्मभर सावकाराचा लग्नगडी झालेले लोक होते ते. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर उभे राहिले. पुढची मोठी मागणी मजुरीची होती: ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. हे वाचलेलं होतं, पण डहाणूचा बाजार पाहून आल्यावर त्या गवताचा रस्ता डोळ्यांपुढे आला. हेच गवत आणि लाकूड त्या स्टेशनातून बाहेर जायचं आणि स्टेशनाभोवतीचा पैसा त्यातून उभा राहायचा. ज्यांनी ते कापलं, त्यांच्या नातसुना आज त्याच स्टेशनाबाहेर पायरीवर शेवळं विकतात. म्हणून स्टेशनाभोवती नवं काही बांधाल तेव्हा पहिली हक्काची, छपराची जागा त्यांची, असं माझं ठाम मत आहे.

परतीला मी इको गाडीत दाटीवाटीने बसून उंबरगाव गाठलं आणि डहाणूकडे जाणारी गाडी पकडली. समोर तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी होती, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. आठवड्याची सुट्टी संपवून निघालेली. मैत्रिणींबरोबर तिने डहाणू रोडला बाजारात, एका भांड्यांच्या दुकानावर खोली घेतली आहे. पाड्यावरून रोज ये-जा केली असती तर पगाराचा मोठा भाग गाडीभाड्यात गेला असता आणि रात्रपाळी तर घरच्यांनी करूच दिली नसती. आता ती सहा मिनिटांत प्लॅटफॉर्मवर असते. उरलेल्या पैशांतून धाकट्या भावाचं कॉलेज चालू आहे.

"पण मालक बिल्डिंग पाडणार म्हणतो, ताई," ती म्हणाली. "नवीन बांधणार. सात मजली."

"आणि खाली? दुकानं ठेवणार का?"

"पार्किंग, म्हणे."

मी तिला म्हटलं, नीट विचार त्याला. भांडीवाल्याला जागा मिळणार का, वर तुमच्यासारख्यांना परवडेल अशी एखादी खोली राहणार का, नकाशा नगरपरिषदेत दाखल झालाय का, हरकत घ्यायची मुदत आहे का. तिने मोबाइल काढला आणि चारही प्रश्न एकेक करून लिहून घेतले. चौथा लिहून होईपर्यंत घोलवड मागे पडलं होतं.