वर्गणीतली भीमगीते

लोककवी वामनदादा कर्डक आणि गायक प्रल्हाद शिंदे 2004 साली आपल्यातून गेले. त्यांची गाणी आज मासिक वर्गणी भरून मोबाईलवर उतरवून घेता येतात. सोय मोठी आहे. पूर्वी कॅसेटसाठी आम्ही 6 डिसेंबरला चैत्यभूमीवरचे स्टॉल धुंडाळत असू. आता माझी मुलगी लोकलमध्ये उभ्याउभ्या भीमगीते ऐकते. पण हा व्यवहार भाड्याच्या खोलीसारखा आहे. वर्गणी थांबली की उतरवलेली गाणीही बंद होतात. स्पॉटिफायवर ती टिकवण्यासाठी 30 दिवसांतून एकदा तरी इंटरनेट जोडावे लागते. आईची कॅसेट लेकीला मिळे. वर्गणीतून असा वारसा मिळत नाही. ऐकण्यासाठी वर्गणी जरूर भरावी. मात्र निवडक गाणी विकत घेऊन घरी जपावीत. चळवळीचा ठेवा आपल्या हाती असावा.