अर्धा मार्क

आमच्या श्रीगोंद्याकडे जुन्या माणसाला वाट विचारावी, तर तो डावे-उजवे सांगत नाही. "वेशीतून उगवतीला वळा, मग ओढ्याच्या मावळत्या अंगाला जा," म्हणतो. नगर उत्तरेला, भीमेकाठचे पेडगाव दक्षिणेला, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. २०२४ साली नगरचे अहिल्यानगर झाले. दिशा तेवढी तीच राहिली.

अशा गावात मी इंग्रजी शिकवतो.

साखर कारखान्यांच्या हंगामात बीडकडची कुटुंबे ऊसतोडणीला येतात. त्यांची पोरे कोपीतून शाळेत येतात, ती चार-पाच महिन्यांपुरतीच. एका वर्षी असाच एक मुलगा माझ्या वर्गात होता. अंगात बापाचा सदरा, बाह्या दुमडलेल्या. चाचणीत मी भाषांतराला वाक्य घातले होते : 'पूर्वेकडे जा.' त्याने लिहिले, 'गो ईस्ट.' मी तांबड्या शाईने मध्ये 'टु' घुसडला आणि अर्धा मार्क कापला.

पोरगा वही घेऊन टेबलाशी आला.

"गुर्जी, ह्ये कुठं चुकलं?"

"अरे, 'कडे'चं इंग्रजी कुठं गेलं? शाळेकडे म्हणजे 'टु स्कूल'. मग पूर्वेकडे?"

"पण 'गो होम'ला तुमी 'टु' नको म्हणला व्हता."

"ते वेगळं," मी म्हटले. मास्तरापाशी कारण नसले की हे दोन शब्द फार उपयोगी पडतात.

पुढे वैशाखात एकदा सहज शब्दकोश चाळीत होतो. 'ईस्ट' शब्दापाशी नजर अडली. नाम, विशेषण, आणि पुढे क्रियाविशेषण! अमक्या गावाच्या पूर्वेला म्हणायचे तर 'टु द ईस्ट ऑफ'. तिथे तो नाम असतो. पण नुसते चालू लागायचे तर 'गो ईस्ट', बस्स. आपण 'वर जा', 'पुढे जा' म्हणतो, त्याला 'कडे' कुठे लावतो? इंग्रजी भाषा दिशेला या वर-खालीच्या पंगतीत बसवते, 'होम'लाही तिथेच पाट मांडते. आपण दिशेला गावांच्या पंगतीत बसवतो. पुण्याला जातो, तसे पूर्वेला जातो. खरेदीखताच्या चतुःसीमेतही 'पूर्वेस', 'पश्चिमेस' असा 'स' हवाच. तो गाळला तर बांधावर डोकी फुटायची.

म्हणजे पोराचे बरोबर होते, आणि कारणही त्याने माझ्या हातात आणून दिले होते.

मी कोप्यांच्या जागेवर गेलो. हंगाम संपला होता. चुलीचे तीन-तीन दगड आणि उसाचे पाचट एवढेच उरले होते. पुढच्या साली ती टोळी दुसऱ्याच कारखान्याला गेली.

गुणपत्रकात त्याच्या नावापुढे साडेचार होते, ते मी खोडून पाच केले. खाडाखोडीवर सही करताना हेडमास्तर म्हणाले, "हा मुलगा आता आहे कुठे?"

मी म्हटले, "पूर्वेकडे."